रस्त्याचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं

‘गेल्याच वर्षी डांबर टाकलं होतं ना? मग पुन्हा एवढे खड्डे कसे?’

जुलै-ऑगस्टमध्ये बोईसर स्टेशनबाहेरून शेअर रिक्षात बसून तारापूरकडे निघालं, की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. उत्तरही ठरलेलं असतं. कुणी म्हणतं, टक्केवारी खाल्ली. कुणी म्हणतं, पाऊसच तसा झाला. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्हींवर थांबून चालत नाही. पालघरला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे पंचायतीच्या शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आणि सरळमार्गी अभियंता व चांगला ठेकेदार असूनही रस्ता उखडतो तेव्हा टक्केवारीचं उत्तरही तोकडं पडतं.

खड्डा जुलैत दिसतो, पण त्याची सोय आधीच्या आठ कोरड्या महिन्यांत झालेली असते. पाहणी कधी झाली, पैसा कधी आला, निविदा कधी निघाली आणि ठेकेदाराला पैसे नेमके कशाचे मिळणार होते, या चार गोष्टींवर रस्त्याचा पावसाळा ठरतो. त्या एकेक करून पाहू. आधी रस्ता मोडतो कसा, ते समजून घ्यायला हवं.

१. पाणी आणि चाक

डांबरी रस्ता वरून अखंड काळा पट्टा दिसतो, पण तो थरांचा असतो. तळाशी दाबलेली माती, त्यावर पाणी निचरणारा मुरमाचा किंवा बारीक-जाड खडीचा थर, त्यावर खडीचा मजबूत थर आणि सगळ्यात वर डांबर. कित्येक ग्रामीण रस्त्यांवर हा वरचा थर, ज्याला सगळे ‘कार्पेट’ म्हणतात, जेमतेम २० मिलिमीटरचा असतो. गाडीचं वजन तो पेलत नाही. वजन पेलते खालची खडी. कार्पेटचं मुख्य काम पाणी खाली जाऊ न देणं. पालघर-डहाणू पट्ट्यात मे महिन्यात घरं शाकारतात, फुटकी कौलं बदलतात, ते भिंती आणि माळा कोरडा राहावा म्हणून. कार्पेटचं काम तेच.

आता खड्डा कसा पडतो ते पाहा. उन्हानं डांबर कडक होतं आणि केसाएवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात पाणी भेगेतून खडीत उतरतं. वरून ट्रकचं चाक जातं तेव्हा ते अडकलेलं पाणी दाबाखाली येऊन भेगेतून वर उसळतं आणि येताना खडीमधली बारीक भुकटी घेऊन येतं. पावसात भेगांच्या कडेला मातकट डाग दिसतात, ते याच भुकटीचे. भुकटी गेली की खडी सैल होते, खाली पोकळी तयार होते आणि एक दिवस कार्पेटचा तुकडा खचतो. लोक म्हणतात, रात्रीत खड्डा पडला. तो रात्रीत उघडा झाला, एवढंच. आतलं काम महिनाभर चाललेलं असतं.

म्हणजे देखभालीचं पहिलं काम पाणी रस्त्यावरून लवकर खाली उतरवणं. किती पाणी? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. साडेपाच मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्याचं क्षेत्रफळ ५,५०० चौरस मीटर. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही. तेवढा पडला तर त्या एका किलोमीटरवर ५ लाख ५० हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ५५ टँकर. शेताचं आणि डोंगराचं वाहून येणारं पाणी यात धरलेलं नाही.

हे पाणी घालवण्यासाठी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात. जास्त पावसाच्या भागात पातळ डांबरी थराला अडीच टक्के उतार द्यावा, असा संकेत आहे. साडेपाच मीटरच्या रस्त्यात मध्यापासून कड पावणेतीन मीटरवर येते, म्हणजे मधला भाग कडेपेक्षा जवळजवळ सात सेंटिमीटर उंच हवा. सात सेंटिमीटर म्हणजे हाताची चार बोटं. बरेच रस्ते दर वेळी मध्येच ठिगळं लावून सपाट झालेले असतात, आणि कडेची साईडपट्टी गवत आणि गाळ साचून रस्त्यापेक्षा वर आलेली असते. पाणी उतरायला जागाच उरत नाही. बाजारपेठेत दुकानांसमोरची गटारं लाद्या टाकून बंद केलेली असतात, तिथं तर रस्ताच गटार होतो. अशा रस्त्यावर कितीही महागडं डांबर घाला, ते टिकायचं नाही.

दुसरा शत्रू चाक, पण सगळी चाकं सारखी नाहीत. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास चाचणीसाठी बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून नुकसान मोजलं गेलं. त्यातून हाती आलेला ढोबळ नियम आजही वापरात आहे: आसावरचा भार जितक्या पट वाढतो, त्याच्या चौथ्या घाताइतकं रस्त्याचं नुकसान वाढतं. भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट होत नाही, सोळा पट होतं.

चार चाकांच्या एका आसावर कायद्यानं पूर्वी १०.२ टन भार चालायचा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं तो ११.५ टन केला. आकडा लहान वाटतो, पण गणित मांडा. ११.५ भागिले १०.२ म्हणजे सुमारे १.१३, आणि त्याचा चौथा घात सुमारे १.६. कायदा पाळून पूर्ण भरलेला ट्रकसुद्धा त्या आसाखाली पूर्वीपेक्षा दीडपटीहून जास्त नुकसान करतो. आणि त्याच आसावर १५ टन लादले, तर नव्या मर्यादेच्याही जवळजवळ तिप्पट. तारापूर औद्योगिक वसाहतीतून चिल्हार फाट्याकडे महामार्गाला जाणाऱ्या रस्त्यावर बेटेगाव, मान, नागझरी या भागात दिवसरात्र काय धावतं, ते तिथल्या रहिवाशांना सांगायला नको. आता त्यात भर पडते आहे. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झालं. बुलेट ट्रेन, मालवाहतुकीची स्वतंत्र रेल्वे आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग ही कामंही याच जिल्ह्यातून जातात. दगड-मातीचे डंपर गावाच्या रस्त्यांवरूनच जाणार. बैलगाडी, एस. टी. आणि टेम्पो धरून बांधलेला रस्ता त्यांच्याखाली किती टिकेल, याचं उत्तर चौथ्या घाताच्या नियमात आहे.

२. हा रस्ता कुणाचा?

तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला सर्वांत जास्त फिरवणारा प्रश्न हाच. याचं मूळ बरंच मागे जातं. मोटारी वाढू लागल्यावर सरकारनं १९२७ मध्ये बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरच्या कराच्या पैशातून केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. वर सांगितलेल्या उतारासारखे संकेत ही संस्थाच ठरवते. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांची वर्गवारी ठरवली. नावं थोडी बदलली, पण राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही पाच पायऱ्यांची शिडी तिथली.

आज ढोबळमानानं असं आहे: मुंबई-अहमदाबाद महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, औद्योगिक वसाहतीच्या आतले रस्ते औद्योगिक विकास महामंडळाकडे, पालघर शहरातले नगरपरिषदेकडे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आठ तालुक्यांच्या रस्त्यांचा कारभार नव्या जिल्ह्याकडे आला, पण ही विभागणी तशीच राहिली.

पाण्याला ही विभागणी कळत नाही. वसाहतीतलं गटार ग्रामपंचायतीच्या नाल्याला मिळतं आणि नाला बांधकाम विभागाच्या मोरीतून पुढे जातो. मधला एक दुवा साफ झाला नाही, तर बाकी दोघांचं काम पाण्यात जातं. माझ्या मते पावसाळ्याआधीची एक तरी पाहणी तिन्ही खात्यांच्या अभियंत्यांनी एकत्र, पायी चालत करायला हवी. ती फार थोड्या ठिकाणी होते.

३. दोन वर्षं एकमेकांना भेटत नाहीत

या प्रकरणाचा गाभा इथं आहे.

हवामान खात्याच्या २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईला मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. पालघर तिथून दूर नाही. डांबराचं काम ओल्या पृष्ठभागावर करता येत नाही, कारण ओल्या खडीला डांबर चिकटत नाही. म्हणजे कामाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, साडेसात महिन्यांचा. रस्त्याचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं.

सरकारी पैशाचं वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होतं. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो. मग निधी टप्प्याटप्प्यानं खाली येतो. देखभाल-दुरुस्तीचा पैसा येतो त्या लेखाशीर्षाचा क्रमांक ३०५४, नव्या बांधकामाच्या लेखाशीर्षाचा ५०५४. जिल्हा परिषदेच्या आवारात उभे राहिलात तर हे दोन आकडे कामांच्या नावांपेक्षा जास्त वेळा कानावर पडतील. पावसाळी अधिवेशनात आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांतून आणखी रक्कम मिळते.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. एप्रिलमध्ये पैसा आला असं धरा. अंदाजपत्रक करायला दोन-तीन आठवडे, मंजुऱ्यांना तितकेच, निविदेला महिना, छाननी आणि करारनाम्याला आणखी दोन-तीन आठवडे. जुलै उजाडला आणि दारात पाऊस. काम थांबलं. ऑक्टोबरात सुरू करावं, तर तोवर मे महिन्यातले खड्डे तिप्पट झाले आणि अंदाजपत्रक जुनं झालं. दुसरी शक्यता, पैसा डिसेंबरच्या पुरवणी मागणीतून आला. मग कार्यारंभ आदेश निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. राज्याच्या खात्यांचा अखर्चित निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणून सगळी कामं एकाच पंधरवड्यात उरकायची घाई. जिल्हा परिषदेला काही निधी खर्च करायला पुढचंही वर्ष मिळतं, त्यामुळं तिथं ताण थोडा कमी. पण बिल मार्चअखेर निघालं पाहिजे हा दबाव तिथंही आहेच. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता आली, तर आणखी महिना-दीड महिना गेला.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही: उलटं मोजायचं. १५ ऑक्टोबरला रस्त्यावर रोलर उभा हवा असेल, तर कार्यारंभ आदेश सप्टेंबरअखेर हवा. म्हणजे निविदा ऑगस्टमध्ये, मंजुऱ्या जुलैत आणि अंदाजपत्रक जूनमध्ये. पण जूनमध्ये कुठं किती खड्डे पडणार ते कसं कळणार? कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. पुढच्या दोन भागांत ते पाहू.

४. कागद कसा चालतो

थोडक्यात सांगतो, कारण हे शब्द तुमच्या कानावर पडतील तेव्हा दबून जायला नको.

शाखा अभियंता रस्त्याची पाहणी करून कामाच्या बाबी मोजतो: इतके चौरस मीटर खड्डे, इतकी साईडपट्टी, इतक्या मोऱ्यांची सफाई. प्रत्येक बाबीचा दर सरकारच्या दरसूचीत असतो. मोजमाप गुणिले दर, मिळून अंदाजपत्रक. ‘हे काम करायचं आणि त्याला पैसा आहे’ असं म्हणणं म्हणजे प्रशासकीय मान्यता. ‘हे काम असंच करावं आणि अंदाज बरोबर आहे’ असं वरिष्ठ अभियंत्यानं म्हणणं म्हणजे तांत्रिक मंजुरी. मग निविदा. ठरावीक रकमेच्या वरची निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावरच निघते.

बांधकाम विभागात निविदांचे दोन नमुने जास्त ऐकू येतात. बी-१ मध्ये ठेकेदार एकच टक्का सांगतो: सरकारी अंदाजापेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त. बी-२ मध्ये तो प्रत्येक बाबीचा वेगळा दर देतो. काम मिळालं की तो सुरक्षा अनामत भरतो. काम होत जाईल तसं शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंदी करतो आणि त्या नोंदींवर देयक निघतं. काम संपल्यावर ठरावीक काळ ते बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं. हा दोष दायित्व कालावधी. रस्त्याच्या कडेला जो फलक असतो त्यावर हा कालावधी लिहिलेला असतो, आणि फलकावरची सगळ्यांत उपयोगाची ओळ तीच.

५. पैसे कशाचे द्यायचे?

समजा दहा किलोमीटरचा एक रस्ता आहे. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत.

पहिली पद्धत मापाची. भरलेल्या खड्ड्याच्या प्रत्येक चौरस मीटरला ५०० रुपये. ऑक्टोबरात १,००० चौरस मीटर भरले, पाच लाख झाले. ठिगळ जुलैत उखडलं. दायित्व कालावधी संपला असेल तर पुन्हा १,००० चौरस मीटर, पुन्हा पाच लाख. या करारात ठेकेदाराला मोरी साफ करण्यात काही मिळत नाही, उतार राखण्यात काही मिळत नाही. उलट जितके खड्डे, तितकं काम. माणूस वाईट असण्याची इथं गरजच नाही. करारच त्याला खड्डे भरायला सांगतो, खड्डे पडू नयेत असं करायला सांगत नाही.

तरीही मापाच्या पद्धतीला एक जागा आहे. खड्डे किती पडणार हे आधी माहीत नसतं, पण एका चौरस मीटरला काय दर पडेल हे माहीत असतं. म्हणून वर्षभराचा दर आधी ठरवून ठेवायचा आणि प्रमाण नंतर, जागेवर मोजून. याला दरकरार म्हणतात. असा करार सप्टेंबरअखेर तयार असेल, तर पावसानं उघडीप दिली त्या आठवड्यात काम सुरू होतं. जूनमध्ये खड्ड्यांची संख्या कळायची गरज नाही, ती यामुळं.

दुसरी पद्धत अवस्थेची. ठेकेदाराला सांगायचं: हा दहा किलोमीटरचा रस्ता पाच वर्षं तुझ्याकडे. महिन्याला एक लाख. अटी अशा: ठरल्यापेक्षा मोठा खड्डा दिसला तर ४८ तासांत भरलेला हवा, मोऱ्या मेअखेर मोकळ्या हव्यात, साईडपट्टी रस्त्यापेक्षा खाली हवी. अट मोडली की त्या महिन्याच्या रकमेतून कपात. आता त्याच ठेकेदाराचं गणित बदलतं. मे महिन्यात दोन लाख खर्चून गटारं उघडली आणि भेगांत डांबर भरलं, तर पावसातले चार-पाच लाख वाचतात, आणि ते त्याच्या खिशात राहतात. गावाचा फायदा आणि ठेकेदाराचा फायदा एका दिशेला येतात.

ही कल्पना नवी नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं १९८८ मध्ये रस्त्यांची देखभाल खासगी कंत्राटांकडे दिली. अर्जेंटिनानं १९९०च्या दशकात पुनर्बांधणी आणि पुढची देखभाल एकाच करारात बांधली. आपल्याकडे २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यानंच पाच वर्षं तो सांभाळायचा, अशी अट आहे, आणि त्या देखभालीचं देयक आता ई-मार्ग या प्रणालीतून, पाहणीत रस्ता कसा आढळला ते बघून निघतं. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांना जोडणारे कित्येक रस्ते याच योजनेतले. तिथं रस्ता तुटला की बाळंतीण झोळीतून खाली आणावी लागते, त्यामुळं ही पाच वर्षांची अट त्या पाड्यांना जीवनमरणाची आहे. पाच वर्षं संपल्यावर रस्ता कुणी सांभाळायचा, हा प्रश्न मात्र तिथं उभा राहतोच.

अवस्थेच्या करारातही फसायच्या जागा आहेत. आधीच मोडलेला रस्ता कुणाच्या गळ्यात बांधला, तर शहाणा ठेकेदार निविदाच भरणार नाही, आणि भरेल तो पहिल्या पावसात पळेल. म्हणून आधी रस्ता चांगला करायचा, मग सांभाळायला द्यायचा. शिवाय पाहणी करणारा अभियंता महिन्यातून एकदा खरोखर रस्त्यावर गेला नाही, तर कपातीची अट कागदावरच राहते.

६. तीस टक्के कमी दर कुठून निघतो?

अंदाजपत्रक शंभर रुपयांचं आणि निविदा सत्तर रुपयांची. सरकारचे तीस रुपये वाचले, असं वाटतं. ठेकेदाराचा नेहमीचा नफा धरला तरी तीस टक्के मोठे असतात. ते कुठून येतात, याचा हिशेब वाचकानं स्वतः करावा म्हणून हे उदाहरण.

साडेपाच मीटर रुंद, एक किलोमीटर रस्त्यावर २० मिलिमीटर कार्पेटला ११० घनमीटर माल लागतो. थर १६ मिलिमीटरच टाकला, तर ८८ घनमीटर. एका किलोमीटरमागे २२ घनमीटर माल वाचला, आणि चार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. दुसरी जागा डांबराची. मिश्रणात वजनानं पाचेक टक्केच डांबर असतं, पण मालातली सगळ्यांत महाग वस्तू तीच. तिसरी जागा तापमानाची: प्लांटवरून दीडशे अंशांच्या आसपास निघालेला माल गाडी रेंगाळल्यामुळं थंड होऊन आला, तर रोलर कितीही फिरवला तरी तो नीट दबत नाही. म्हणून फार कमी दराच्या निविदेवर सरकार जादा सुरक्षा अनामत मागतं. ती घ्यावीच, पण तिच्यापेक्षा कामाच्या दिवशी मोजपट्टी आणि तापमापक घेऊन उभा असलेला अभियंता जास्त कामाचा.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळं मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याचं सांगितलं. चार मिलिमीटरची किंमत आता कुणाला तरी मोजावी लागेल, ही मला आशेची गोष्ट वाटते.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वेगळा मार्ग निवडला गेला. दहिसरजवळून तलासरीच्या अच्छाडपर्यंत १२१ किलोमीटरवर डांबरावर सिमेंट काँक्रीटचा थर, म्हणजे व्हाइट टॉपिंग, घेण्यात आला. काँक्रीटला पाण्याचं भय कमी, पण पहिला खर्च मोठा आणि काम चालू असताना होणारी कोंडी पालघरकरांनी पुरेपूर सोसली. प्रत्येक गावच्या रस्त्याला ते परवडणार नाही.

७. पावसाच्या चार महिन्यांत

पावसाळ्यात काहीच करता येत नाही, हा गैरसमज. डांबरीकरण करता येत नाही, बाकी पुष्कळ करता येतं.

आधी योग्य ठिगळ कसं असतं ते पाहा. खड्ड्याभोवती खडूनं चौकोन आखतात. कडा कापून उभ्या करतात, कारण वेड्यावाकड्या निमुळत्या कडेवरचा माल चाकाखाली पहिला निघतो. सुटी खडी आणि माती काढून तळ कोरडा करतात. तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात फिरवतात, त्याला टॅक कोट म्हणतात. मग माल थराथरानं भरून प्रत्येक थर दाबतात आणि शेवटी कडांच्या फटी डांबरानं बुजवतात. भर पावसात यातलं बरंचसं जमत नाही. पाणी झाडून टाकलेली ओली खडी ही तात्पुरती सोय आहे. पेव्हर ब्लॉक बसवणं किंवा थंड अवस्थेत वापरायचं तयार मिश्रण भरणं हे त्याहून बरं. तात्पुरत्या ठिगळाचं बिल मात्र तात्पुरतं म्हणूनच निघावं, आणि ऑक्टोबरात ती जागा पुन्हा उघडून पक्की व्हावी.

पावसातलं खरं काम पाण्यामागे फिरण्याचं. पूर्वी बांधकाम विभागाच्या प्रत्येक टप्प्यावर मैलकुली असत. कोयता, फावडं, घमेलं घेऊन ते पावसातही फिरत. मोरीच्या तोंडाशी अडकलेली फांदी ओढून काढायची, साईडपट्टीला फावड्यानं चर पाडून साचलेल्या पाण्याला वाट करून द्यायची. पाच मिनिटांच्या अशा कामानं शंभर मीटर रस्ता वाचतो. निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहत गेल्या आणि हे काम कंत्राटात गेलं. पण ‘पाऊस पडत असताना फिरणं’ ही बाब दरसूचीच्या चौरस मीटरमध्ये बसत नाही, म्हणून ती बहुतेक करारांतून गळाली.

बर्फाच्या देशांत हा पेच दुसऱ्या हंगामात येतो. तिथल्या ग्रामीण भागांत हिवाळ्याच्या करारात बर्फ हटवणाऱ्या यंत्राला हजर राहण्याचे पैसे वेगळे आणि प्रत्यक्ष कामाचे वेगळे देतात. बर्फ पडला नाही तरी यंत्र आणि चालक तयार असतो. आपल्या करारांतही जून ते सप्टेंबर अशी बाब हवी: प्रत्येक पंधरा-वीस किलोमीटरमागे दोन माणसं, एक टेम्पो, तालुक्याला एक जेसीबी, आणि वाघोबा खिंडीसारख्या डोंगरउताराच्या जागी दरड आली तर किती तासांत यायचं, त्याचं बंधन. दरमहा ठरलेली रक्कम, काम पडो न पडो.

८. ग्रामसभेच्या चार तारखा

गावानं यात कुठं हात घालायचा? ग्रामसभेच्या रूढ तारखा रस्त्याच्या वर्षाशी चांगल्या जुळतात.

१५ ऑगस्टची ग्रामसभा पाहणीची. पाणी कुठं साचतं हे भर पावसात जेवढं दिसतं तेवढं एरवी दिसत नाही. तरुण मुलांनी रस्ता चालून साचलेल्या प्रत्येक जागेचा फोटो आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडाची नोंद करावी. ती यादी ठरावासोबत उपअभियंत्याकडे गेली, की ऑक्टोबरातली जागेवरची मोजणी त्या यादीला धरून होऊ शकते.

२ ऑक्टोबरला एकच प्रश्न: आमच्या रस्त्याचा कार्यारंभ आदेश निघाला का, तारीख काय? निघाला नसेल तर निविदा कुठल्या टप्प्यावर आहे, हे मागच्या भागांतल्या शब्दांत विचारता येईल.

२६ जानेवारीला अर्धा हंगाम संपलेला असतो. निम्मं काम झालं आहे का, ते पाहायचं. कामाच्या दिवशी थराची जाडी मोजताना गावातल्या दोघांनी हजर राहावं, आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून तो बिल निघायच्या आधी, जानेवारीतच टाकावा.

१ मेला रस्त्यावरच्या प्रत्येक मोरीची नावानिशी यादी वाचायची: कुठली मोकळी, कुठली तुंबलेली, कुणाच्या हद्दीतली. वसाहतीचं गटार, पंचायतीचा नाला आणि खात्याची मोरी जिथं एकत्र येतात, तिथं तिन्ही खात्यांना एकच तारीख द्यायची, आणि ती ३१ मेच्या आतली असावी.